थेंब लवकर जळावा म्हणून

२ जून, सोमवार. पहाटे

अलार्म पाचचा होता. उठलो पावणेसहाला. जूनमध्ये पावणेसहालाही पहाटच म्हणतात.

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही, मोनालीला तर नाहीच. पीएच.डी.चं चौथं प्रकरण या महिनाअखेर पूर्ण. युनिव्हर्सिटीने दिलेली सप्टेंबरअखेरपर्यंतची मुदतवाढ शेवटची आहे. मागचीही शेवटचीच होती, पण या वेळी पत्रात ‘शेवटची’ हा शब्द ठळक केलाय.

विषय लिहून ठेवतो, म्हणजे पाहुण्यांनी विचारल्यावर अडखळायला होणार नाही. डिझेलचा फवारा पेटतो तेव्हा हवेतल्या खळबळीचा, म्हणजे टर्ब्युलन्सचा, त्यातल्या थेंबांवर काय परिणाम होतो? लोकांना वाटतं डिझेल जळतं. थेंब जळतच नाही. आधी त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. हवा शांत असेल तर वाफ थेंबाभोवतीच घुटमळत राहते आणि थेंब रेंगाळतो. हवेत भोवरे असले की ते वाफ ओढून नेतात, थेंब पटकन संपतो. भोवरे फारच झाले तर ज्योत विझते. म्हणजे खळबळ हवी, पण बेताची. एवढं समजायला मला सात वर्षं लागली, त्यातली दोन कोविडची.

मोनाली पाहुण्यांना सांगते, ते स्टोव्हवर कायतरी करतात.

६ जून, शुक्रवार

शाहीन मॅडमना (माझ्या गाइड) भेटायला बारामतीला. त्या म्हणाल्या, अजित, कॉम्प्युटरवरचे आकडे खूप झाले, आता खऱ्या बर्नरवरचं एक तरी रीडिंग आणा. म्हणालो, मॅडम, आठ दिवसांत आणतो.

अडचण अशी की आमच्या कॉलेजात बर्नरच उरलेला नाही. मेकॅनिकलला पोरं येत नाहीत, म्हणून लॅब मोडून तिथे कॉम्प्युटर मांडले. आम्ही मेकॅनिकलची माणसं सध्या इंदापूर तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर ॲडमिशनचे पेपर वाटत फिरतो. काल एका आजीबाईने पेपर घेतला, त्यावर शेंगा निवडल्या आणि थोड्या मलाही दिल्या.

परतताना आईला दवाखान्यातून आणायचं होतं. तिचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. मंगळवार माझा, शुक्रवारी मोनाली. पण आज मोनालीची मीटिंग होती म्हणून शुक्रवारही माझ्यावर आला. मी मॅडमकडे अडकलो. सुकन्याच गेली. (धाकटी बहीण. इंदापूरला असते, एसटीत कंडक्टर.) फोनवर म्हणाली, दादा, मंगळवारी बी तू न्हाय गेलास. एकदा तरी आईला तू ने की. ती वाट बघती.

पुढच्या मंगळवारी नक्की.

१० जून, मंगळवार

मंगळवार नेमका वटपौर्णिमेला आला. मोनालीचा उपास. तरी आईला तीच घेऊन गेली. मी जाणार होतो, पण सकाळीच डोक्यात वीज चमकली. ज्याला आयडिया येते त्याने जागेवरून हलू नये.

बर्नर आपल्या गावातच आहे! स्मशानभूमीत. कोविडनंतर कुठल्याशा फंडातून ग्रामपंचायतीने डिझेलवरची शवदाहिनी आणली. फीत कापली, फोटो काढले. त्यानंतर दोन-तीनच माणसं तिच्यात गेली, तीही पावसाळ्यात. बाकी सगळ्यांना लाकूडच पाहिजे. पण आत काय काय आहे! फवारा मारणारा नोझल आहे, हवा ढकलणारा ब्लोअर आहे, दाब दाखवणारा गेज आहे. सगळं चौथं प्रकरण तिथे धूळ खात पडलंय.

सरपंचांना भेटलो. म्हणाले, करा काय करायचं ते, फकस्त डिझेलचं पैसं मागू नका.

१४ जून, शनिवार

दाहिनीची किल्ली हिंदुरावकडे असते. ग्रामपंचायतीचा माणूस, हुद्दा ऑपरेटर. दार उघडलं तर आत कांद्याच्या पिशव्या. म्हणाला, सायेब, अख्ख्या गावात कोरडी जागा हीच हाय. कांदे बाहेर काढण्यात दुपार गेली. चार पिशव्या मीच उचलल्या. पाठ धरली.

बर्नर सुरू केला. काळा धूर. हवा सरळ येते, भोवरा नाही, थेंब मोठे राहतात आणि अर्धवट जळतात. मी आनंदाने उडीच मारली. सगळं माझ्या थिअरीप्रमाणे! उपाय एकच, ब्लोअरच्या तोंडाशी वळलेल्या पात्यांची एक चकती. हवा गरगरत आत येणार, थेंबांची वाफ उडवणार. धूर नाही, वेळ निम्मा.

ड्रॉइंग आजच करणार होतो. पाठ.

२४ जून, मंगळवार

एमआयडीसीतल्या फॅब्रिकेटरकडून चकती आली. पाती उलट्या बाजूला वळवलेली. त्याचं म्हणणं, मी कागद उलटा धरून समजावलं. वाद घातला नाही. नवीन करायला टाकली.

आई आज सकाळी विचारत होती, झालं का रं तुझं? तिला वाटतं पीएच.डी. झाली की मी तिला तपासू शकेन. समजावून सांगितलं की हे डॉक्टर वेगळे. म्हणाली, वेगळे का असंनात, पण लवकर व्हऊ दे. हिशोबाप्रमाणे दिवाळीपर्यंत होतं. तसं सांगितलं.

डायलिसिसला शेजारच्या रिक्षाने पाठवली. रिक्षावाला ओळखीचा आहे. चांगला माणूस.

५ जुलै, शनिवार

चकती बसवली. उसाचं पाचट आणि एक जुनी गादी आत ठेवून ट्रायल घेतली. ज्योत पिवळीची निळसर झाली. धुरांड्यातून काहीच दिसेना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (गादीचा कापूस.)

पारावरची मंडळी बघायला आली होती. म्हणाली, धूर कुठं दिसत न्हाय, पेटलंय का न्हाय? हिंदुराव म्हणाला, पेटून इझलं बी. मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. कचरूतात्या, गावातले सगळ्यात वयस्कर, काठी टेकत दारापर्यंत आले, आत डोकावले आणि म्हणाले, एवढी घाई कशाची रं?

शास्त्राची घाई नसते, शास्त्राचा वेग असतो, असं उत्तर घरी आल्यावर सुचलं.

आता फक्त खरं रीडिंग हवं. गादी थिसिसमध्ये लिहिता येत नाही.

१३ जुलै, रविवार

आई ॲडमिट. काल रात्रीपासून. डॉक्टर म्हणतात वाट बघू. सुकन्या सुट्टी टाकून दवाखान्यात बसली होती, आज परत ड्यूटीवर गेली. मी उद्या बसणार आहे.

चौथ्या प्रकरणाचं पहिलं पान लिहिलं. मथळा सोडून तीन ओळी. दर्जेदार.

१६ जुलै, बुधवार

आई गेली. सकाळी, दवाखान्यात. मोनाली जवळ होती. मी कॉलेजवर, परीक्षेचं सुपरव्हिजन. पेपर गोळा करून निघालो.

पाऊस. लाकडं भिजलेली. आबा (वडील) ओट्यावर बसून होते, काही विचारलं की व्हय म्हणत होते. भावकीतले म्हणाले, काय करायचं? मी म्हणालो, दाहिनी आहे. दुसरा पर्यायच नव्हता, हे सगळ्यांनी मान्य केलं.

सुकन्या तुळजापूरच्या गाडीवर. फोनवर म्हणाली, मला यायला संध्याकाळ व्हईल. आईला पावसात ताटकळत ठेवू नका, पेटवा. मी सरळ तितंच येते. जाळ असंलच तवर, एक लाकूड ठेवीन.

मी बरं म्हणालो.

हवेचा दाब योग्य. ज्योत निळसर. धूर शून्य. तासाच्या आत पूर्ण. ब्लोअर चालू ठेवल्याने ट्रेही लगेच थंड झाला. अस्थी मडक्यात. आजवरचा उत्तम रन.

दिवस मावळताना सुकन्या आली. खाकी युनिफॉर्म, खांद्याला तिकिटाचं मशीन, हातात चंदनाचा तुकडा. तुळजापुरात घेतला म्हणे. शेडमध्ये मी आणि हिंदुराव. तिने विचारलं, आई कुठंय? मी मडकं दाखवलं. चकतीमुळे वेळ किती वाचला तेही सांगितलं. तिला बरं वाटेल म्हणून. चंदनाचं विचारू लागली, हे कुठं ठेवू? म्हणालो, डिझेलच्या दाहिनीत लाकडाची गरज नसते.

 तिने दाराला हात लावून बघितला. दार गार होतं. घरी न येता परत गेली. गाडीची वेळ असणार.

सगळे रडले. मला रडू आलं नाही. दमलो असेन. उद्या येईल.

१८ जुलै, शुक्रवार

तिसऱ्या दिवशी सावडायला गेलो. सावडायला काही नव्हतंच. लोक सवयीने गरम राख विझवायला दूध-पाणी घेऊन आलेले. शेवटी रिकाम्या ट्रेवर शिंपडलं. ट्रे गंजू नये म्हणून मी नंतर कापडाने पुसला.

सुकन्या आली नाही. फोन लागत नाही. इंदापूरला पावसात नेटवर्क असंच असतं.

जेवणात मीठ नव्हतं म्हणे. मोनालीने विचारलं, तुम्हाला कळलं नाही? नाही कळलं.

२५ जुलै, शुक्रवार

दहावा. सुकन्याचे मिस्टर एकटेच आले. म्हणाले, तिला ड्यूटी बदलून मिळाली न्हाय. तेच असणार. जेवून गेले.

एक महत्त्वाचं निरीक्षण, थिसिससाठी. भोवऱ्यात अगदी बारीक थेंब हवेबरोबर फिरतात, मोठे सरळ निघून जातात, आणि मधल्या आकाराचे बाहेर फेकले जाऊन कडेला घोळका करतात. घोळक्यात हवा पोचत नाही, म्हणून आग उशिरा लागते. आज घाटावर अगदी तसेच घोळके होते. माणसं पत्र्याच्या कडेला चार-चार, सहा-सहा जण उभी. मी एका घोळक्याजवळ गेलो की बोलणं थांबायचं. एकदा ऐकू आलं, पोरीची गाठ पडू दिली न्हाय.

कुणाच्या पोरीची, कळलं नाही.

३ ऑगस्ट, रविवार

हातापायांना काही लागलं तरी कळत नाही. काल गरम चहाचा कप तसाच धरला, मोनाली ओरडली. रडू तर अजून आलेलंच नाही. डॉक्टरकडे गेलो. तपासण्या नॉर्मल, बी-ट्वेल्व्ह थोडं कमी. इंजेक्शनं सुरू. कारण कळलं हे बरं झालं. मोनाली म्हणाली, बी-ट्वेल्व्हनं रडू थांबतं का? तिला सायन्सची पार्श्वभूमी नाही.

चौथ्या प्रकरणाचा आलेख तयार. खऱ्या बर्नरवरचं खरं रीडिंग. सुंदर वक्र आलाय.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी पौर्णिमा. राखी आली नाही. सुतकाच्या वर्षी पाठवत नाहीत, असं मी मोनालीला सांगितलं. ती म्हणाली, पाठवतात.

सुकन्याला मेसेज केला: कशी आहेस? दोन निळ्या टिका. म्हणजे बरी आहे.

२० ऑगस्ट, बुधवार

कचरूतात्या गेले. पाऊस होता, त्यामुळे दाहिनीच. घरच्यांनी मला मुद्दाम विचारलं, चकती काढता येती का? म्हणालो, चकती काढली तर धूर होईल. म्हणाले, व्हऊ द्या की.

मी काढली नाही. तत्त्वाचा प्रश्न होता.

मोठ्या माणसाचा अंत्यविधी, म्हणजे श्रद्धांजलीची भाषणं. माइक लावलेला. सोसायटीचे चेअरमन, पतसंस्थेचे, दूध संघाचे, मग माजी सरपंच. चौथ्या भाषणात वक्ते दाहिनीकडे हात करून म्हणाले, हा अग्नी साक्षीला हाय, तात्यांचा शब्द आमी खाली पडू देणार न्हाय. तेवढ्यात हिंदुराव ट्रे घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, झालं सायेब, कुठं ठेवू?

वक्ते थांबले. मागे अजून सहा जण बोलायचे होते. ते ट्रेसमोर बोलले. तात्यांची मुंबईची नात तेव्हा पोचली. तिने विचारलं, संपलं?  उत्तर मी दिलं. वेळेसकट.

तिच्याकडे बघून मला कुणाची तरी आठवण होत होती. घरी येईपर्यंत विसरलो.

२ सप्टेंबर, मंगळवार

ग्रामपंचायतीत बोलावलं. माझ्या संशोधनाची दखल घेतली, असं म्हणता येईल. सरपंच म्हणाले, मास्तर, तुमची चकती लय भारी हाय, पण मशीन हळू करा. माणूस जाळायला दुपार लागली पायजे. पाव्हणे लांबून येत्यात. मी त्यांना थेंब, वाफ, भोवरे हे सगळं फळ्यावर काढून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, व्हय व्हय, पण हळू करा.

संध्याकाळी हिंदुरावने चकती काढून टाकली. कांद्याच्या पिशव्या परत आत आल्या. मी विरोध नोंदवला. मनात.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

शाहीन मॅडमना प्रकरण दाखवलं. त्या आलेखावर बराच वेळ थांबल्या. विचारलं, हे रीडिंग कसलं? म्हणालो, नमुना क्रमांक एक. म्हणाल्या, अजित, नमुना म्हणजे कोण? तारीख बघितली असणार. त्या आईच्या दहाव्याला आल्या होत्या.

मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, हे थिसिसमध्ये जाणार नाही. परवानगीचा मुद्दा आहे, एकाच रीडिंगचा मुद्दा आहे, ते सगळं आपण बाजूला ठेवू. हे जाणार नाही, एवढंच. मग विचारलं, तुम्ही बरे आहात ना?

म्हणालो, बी-ट्वेल्व्ह चालू आहे.

म्हणजे चौथ्या प्रकरणात आता मथळा आणि तीन ओळी. मुदत महिनाअखेर. विनंती अर्ज केला तर वाढवून देतील. आजवर देतच आलेत.

२९ सप्टेंबर, सोमवार

वाढवून दिली नाही. रजिस्ट्रेशन रद्द. मेल दोन ओळींचा. वाचला. मग ॲडमिशनचे पेपर वाटायला गेलो. काही वाटलं नाही. इंजेक्शनांचा कोर्स अजून एकदा करावा लागेल.

एका दृष्टीने मोकळा झालो. आता थिसिसच्या चौकटीत न अडकता स्वतंत्र संशोधन करता येईल. सोमवारपासून. (आज सोमवारच आहे. पुढच्या.)

दरम्यान, सुकन्याचं काय बिनसलंय ते एकदा मिटवून टाकावं. भाऊबीज येतेय. मला वाटतं तिचा गैरसमज झालाय की मशीन बिघडलं होतं म्हणून लवकर संपलं. उलट उत्तम चाललं होतं! तिला आलेख पाठवला, सोबत सोप्या भाषेत टीप: जितका वेळ कमी, तितकं ज्वलन संपूर्ण. आईचं ज्वलन अत्यंत संपूर्ण झालं.

निळ्या टिका. समजलं असावं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आबा सहसा बोलत नाहीत. आई गेल्यापासून दोन कप चहा ठेवतात, एक पितात, दुसरा थोड्या वेळाने मोरीत ओततात. आज मला शेजारी बसवून घेतलं. म्हणाले, तुझं यंत्र चांगलं हाय, मी कुणाला नाव ठिवू देत न्हाय. पण मला लाकडावरच ने. पाऊस असला तर दोन दिस ठिव, पण लाकडावर. सुकन्या येऊस्तोवर जाळ पायजे.

म्हणालो, आबा, आतापासून कशाला हे?

म्हणाले, तुला आताच सांगाय लागतं.

जेवलो. झोप लवकर आली.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

वर्षाच्या आत सण नाही, म्हणून घरात दिवाळी नव्हतीच. तरी मी ठरवलं, आज भेटायचंच. सुकन्याच्या मिस्टरांना फोन केला. म्हणाले, आज ती बारामती-इंदापूर गाडीवर हाय, भाऊबिजेची गर्दी असती. मी बारामती स्टँडवरून तीच गाडी पकडली. योजना अशी होती की प्रवासात निवांत बोलणं होईल.

गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्या बायका माहेरी निघालेल्या, डबे, पोरं, पिशव्या. सुकन्या गर्दी सारत माझ्यापर्यंत आली. वाळलीय. माझ्याकडे न बघता म्हणाली, कुठं?

इंदापूर म्हणालो. तिने तिकीट काढलं, सुट्टे पैसे हातात ठेवले आणि पुढे गेली. आवाज नेहमीचाच, सगळ्यांना विचारते तसा. मागच्या सीटवरच्या बाईने मला विचारलं, भावाकडं की भनीकडं? म्हणालो, बहिणीकडे. म्हणाली, वाट बघत असंल बिचारी.

आलेखाची कॉपी मी लॅमिनेट करून नेली होती. ती पिशवीतच राहिली.

इंदापूर स्टँडवर गाडी रिकामी झाली. मी उतरेना, तेव्हा ती जवळ आली. म्हणाली, दादा, तुझा ग्राफ बघितला. मला त्यातलं काय कळत न्हाय, आन्‌ मला ते नगं बी हाय. पेटवा मीच म्हणलं व्हतं, तुझ्यावर त्याचा राग न्हाय. मला एवढंच सांग, आत जाताना आई कशी दिसत व्हती? मोनाली वैनी म्हणली, बाया मागं फिरल्यावर दारापाशी तू एकटाच व्हतास. रोज डोळ्यापुढं ती येती, आन्‌ तिला तोंडच नसतंय. तू सांगितलंस तर मला दिसंल.

मी म्हणालो, दाब योग्य होता.

ती म्हणाली, आईचं इचारते मी.

तेवढ्यात कंट्रोलरने गाडीला परतीची वेळ दिली. लोक चढायला लागले. मी म्हणालो, मेसेज करतो, सविस्तर. ती व्हय म्हणाली आणि तिकिटं काढायला लागली.

एकंदर चर्चा सकारात्मक झाली.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

मेसेज लिहायला बसलो. दोन ओळींचं काम.

‘आई’ लिहिलं आणि पुढे सुचेना. त्या दिवसाचं सगळं नीट आठवतं. नोझलमधून गळती नव्हती. ब्लोअरचा पट्टा थोडा सैल होता, तो मी घट्ट केला. पत्र्यावर पाऊस वाजत होता. हिंदुरावच्या अंगावर खताची पिशवी होती. एवढं सगळं आठवतं, म्हणजे तेही आठवणारच. घाई करू नये.

हिंदुरावला गाठून विचारलं, तू बघितलंस का रे आईकडं? म्हणाला, मी मागं डिझेलच्या टाकीपाशी व्हतो सायेब, तुमीच म्हणला ना, कॉक धरून उभा ऱ्हा. पुढं तुमीच व्हता.

मग दाहिनीचं दार उघडून उभा राहिलो. वाटलं, जागेवर आठवेल. कांदे होते.

२६ ऑक्टोबर, रविवार

सकाळी सुकन्याचाच मेसेज आला. जुलैपासूनचा पहिला. दादा, एवढं तरी सांग, डोळे मिटलेले होते का?

मी लिहिलं: हो. मिटलेले होते. आई शांत दिसत होती, झोपल्यासारखी. कपाळावर कुंकू होतं.

कुंकू असणारच. सवाष्ण गेली.

लगेच उत्तर आलं. लय बरं झालं दादा, आता मला दिसली. पुढच्या सुट्टीला घरी येते.

मोनालीला दाखवलं. ती वाचून रडली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. आबांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी परत वाचायला लावलं. मग आणखी एकदा. आज त्यांनी चहा एकच कप ठेवला.

दार बंद होताना मी खाली वाकून हवेचा दाब वाचत होतो. आईकडे मी बघितलंच नाही. डोळे मिटलेले होते की उघडे, मला माहीत नाही.